पोते नको, खोके द्या
आमच्या माळ्यावर मांजर व्याली, तेव्हा ‘पिल्ले पोत्यात घालून बाजारात सोडा’ असा सल्ला मिळाला. मागल्या खेपेस मी तो ऐकला होता. मांजर तीन दिवस घरभर ओरडत फिरली. यंदा खोक्यात जुने लुगडे अंथरून ते अंधाऱ्या कोपऱ्यात ठेवले.

मांजरीला पोटभर खाऊ घालावे. पिल्लांना गाईचे दूध पाजू नये, हगवण लागते. 8 आठवडे त्यांना आईपासून तोडू नये. गर्भवतीने मांजरीची विष्ठा काढू नये. तिच्यातील जंतूंमुळे गर्भाला अपाय होऊ शकतो. मांजर चावल्यास वा तिने ओरबाडल्यास जखम साबण-पाण्याने 15 मिनिटे धुऊन लगेच दवाखाना गाठावा.

पिल्ले सुटी झाली, की मांजरीचे ऑपरेशन करून घ्यावे. वाचकहो, खरा उपाय हाच, पोते नव्हे.