नदीला पोरं हवीत

वार्षिक परीक्षा संपायच्या आतच सुटीतल्या शिबिरांची पत्रके वर्तमानपत्राच्या घडीतून घरात येऊन पडतात. संस्कार शिबिर, चित्रकला शिबिर, यंत्रमानव तयार करण्याचे शिबिर आणि झालेच तर ‘साहस शिबिर’. या बाबतीत आमचे दौंड आणि शिरूर हे दोन तालुके आता पुण्याच्या फार मागे नाहीत. साहस शिबिरात मुलांना दोरीच्या पुलावरून चालवतात, रात्री तंबूत झोपवतात आणि पोहायचे असेल तर निळ्या फरशीच्या तलावावर नेतात. माझा या कशालाच आक्षेप नाही. फक्त गंमत वाटते. दौंड भीमेच्या काठावर आहे, शिरूर घोडेच्या काठावर आहे. शिरूरला तर जुनी माणसे ‘घोडनदी’ याच नावाने ओळखतात. आणि याच गावांतल्या पोरांना पाणी दाखवायचे, तर आधी पावती फाडावी लागते!

हा अवर्षणाचा मुलूख आहे, इथे कसले आले पाणी, असे पुण्या-मुंबईच्या वाचकाला वाटेल. पण तसे नाही. शिरूर आणि दौंड या तालुक्यांमध्ये भीमा कितीतरी मैल सरहद्दीसारखी वाहते. रांजणगाव सांडसजवळ तिला पुण्याहून आलेली मुळा-मुठा मिळते. शिरूरच्या बाजूला घोड नदी, तिच्यावर चिंचणीचे धरण. खाली उजनी. १९८० साली पूर्ण झालेल्या या धरणाचा फुगवटा भरल्या वर्षी दौंड तालुक्यातल्या खानोटा-राजेगावपर्यंत येऊन टेकतो. सुमारे ११७ टीएमसी पाणी धरणाऱ्या उजनीत त्यातले ६३ टीएमसीहून अधिक मृतसाठ्याचे. त्यामुळे मे महिन्यात ‘उजनी उणे’ अशा बातम्या येतात, तेव्हाही भिगवणच्या आसपास नावा चालूच असतात. शिवाय कालव्यांची आवर्तने आहेत. दौंडकडे खडकवासल्याचा कालवा, शिरूरकडे चासकमानचा. भर उन्हाळ्यात कालव्याला पाणी सुटले, की गावाचा चेहरा बदलतो.

या पाण्याशी इथल्या माणसाचा संबंध आजकालचा नाही. शिरूर तालुक्यात घोडेच्या काठी इनामगाव आहे. डेक्कन कॉलेजच्या संशोधकांनी १९६८ ते १९८३ या काळात तिथे उत्खनन केले आणि तीन हजार वर्षांहून जुनी शेतकऱ्यांची वस्ती उजेडात आणली. नदीचे पाणी वळवून आणण्यासाठी खोदलेला पाट आणि बांध तिथे सापडला. जनावरांच्या हाडांबरोबर मासे, खेकडे, कासव यांचे अवशेष सापडले. आणि एका दफनातल्या मडक्यावर लांब वल्ह्यांची होडी रंगवलेली मिळाली. मेलेल्या माणसाला पैलतीर गाठायला होडी लागते, ही कल्पना इथल्या कोणाच्या तरी मनात तेव्हाच आली होती, असे अभ्यासकांना वाटते. ती होडी रंगवणाऱ्या हाताने खरी होडी पाहिली असणार, कदाचित वल्हवलीही असणार. समुद्रापासून इतक्या दूरच्या या माळावर होडी ही अशी जुनी ओळखीची वस्तू आहे.

आमच्या लहानपणी उन्हाळा म्हणजे पाणी आणि पाण्यावर तरंगणाऱ्या गोष्टी तयार करणे. त्याला कोणी ‘छंद’ म्हणत नसे. ‘पोरांचे उद्योग’ म्हणत. पोहायला शिकायचे ते विहिरीत. पाठीला वाळलेला भोपळा किंवा पांगाऱ्याच्या हलक्या लाकडाचा बिंडा बांधायचा. पुढे तेलाचे पत्र्याचे डबे आले. डब्याचे तोंड झाळून घेतलेले असे, तरी एखाद्या शिवणीतून बुडबुडे येतच. मग डांबर वितळवून ती शिवण बुजवणे हे पोरांचे काम. मामा कमरेला दोर बांधून विहिरीत सोडायचा आणि वरून ओरडायचा, “डबा तुला तरंगवील रं, पवायचं तुझं तुलाच!” आठ-दहा दिवसांनी तो गुपचूप डबा काढून घ्यायचा. त्या दिवशी जेवताना भाकरीचा एक चतकोर जास्त मिळे.

विहीर पास झाली, की नदी. तिथे खरी कारखानदारी सुरू व्हायची. दौंड-शिरूरकडे गुऱ्हाळे फार. हंगाम संपला, की रस आटवायची मोठी काहील रिकामी पडे. त्या काहिलीची होडी करून पूर आलेली नदी ओलांडणारी माणसे आमच्या मागच्या पिढीने पाहिलेली. आम्ही ती शांत डोहात घालत असू. काहिलीला ना नाळ ना सुकाणू. एका बाजूने वल्हे मारले, की ती जागच्या जागी गरगर फिरते. समोरासमोर बसून दोघांनी सारख्या जोराने वल्हवले, तरच पुढे सरकते. दोघांचे भांडण झाले, की होडी थांबली! ट्रकच्या जुन्या ट्यूबवर बाज टाकून तराफा होई. ट्यूबला ठिगळ लावायचे कसब सायकलवाल्याकडे बसून शिकावे लागे. पुढे निळे प्लास्टिकचे पिंप आले, थर्माकोल आले. आज धरणांवरचे कितीतरी मच्छीमार थर्माकोलच्या तुकड्यांना जाळी गुंडाळून तयार केलेल्या तराफ्यावर बसूनच जाळी टाकतात.

या उद्योगांत किती शिक्षण होते, हे आता कळते. दोनशे लिटरचे चार पिंप बांबूच्या चौकटीला बांधले, तर ते आठशे किलोचा भार तोलतील, हे गणित. पण पिंप निम्मे बुडतील एवढाच भार घालायचा, म्हणजे फार तर चारशे किलो आणि त्यात बांबू-फळ्यांचे वजनही धरायचे, हे शहाणपण. तराफा लांबीला कमी असला तरी चालेल, रुंदीला कमी नको, नाहीतर एक जण उठून उभा राहिला की सगळे पाण्यात. सुतळी पाण्यात कुजते, नायलॉनचा दोर सरकतो, म्हणून गाठ वेगळी मारायची. आपल्या भाषेतला ‘सांगड घालणे’ हा वाक्प्रचार याच धंद्यातला आहे. दोन भोपळे किंवा दोन होड्या एकत्र बांधून केलेले तरते साधन ते सांगड. आता आपण परिसंवादात ‘विज्ञान आणि अध्यात्म यांची सांगड’ घालतो. दोन भोपळे बांधता येतील असा पोरगा मात्र गावात सापडत नाही.

मासेमारीचेही तेच. कळकाची काठी, गळ, गांडूळ किंवा कणकेची गोळी आणि तासन्‌तास गप्प बसण्याची तयारी. बडबड्या पोराला गप्प बसवायला याहून चांगली शाळा मी पाहिलेली नाही. मरळ हवा घ्यायला वर येते, तो बुडबुडा ओळखायचा. वाम दगडाच्या कपारीत असते, तिथे हात घालायचा नाही. आता नदीत आणि उजनीत चिलापीच फार. मूळची ही आफ्रिकेतली मासळी भारतात १९५२ साली आणली गेली आणि तिने इथल्या पाण्यात असे बस्तान बसवले, की बाकीच्यांना जागा कमी पडू लागली. पण तिची एक गोष्ट मला नेहमी विचार करायला लावते. उजनीत माजलेल्या या चिलापीची मादी अंडी आणि पिल्ले स्वतःच्या तोंडात सांभाळते. धोका दिसला, की पिल्ले पुन्हा तोंडात. मात्र पिल्ले पुरेशी पोहू लागली, की ती त्यांना बाहेर सोडते ती सोडतेच. आपण आजचे आई-बाप पहिला अर्धा भाग शिकलो. दुसरा राहूनच गेला.

“तुमचे दिवस वेगळे होते, नदी वेगळी होती,” असे कोणी म्हणेल. ते खरे आहे, आणि तिथेच खरी दुखरी जागा आहे. भीमा-घोडेच्या पात्रातली वाळू गेल्या तीस-चाळीस वर्षांत यंत्रांनी उपसली. नदीत आज होडी दिसते ती पोरांची नव्हे, वाळू ओढणारी फायबरची बोट आणि तिच्यावरचा सक्शन पंप. महसूल खाते अधूनमधून छापा घालून या बोटी जिलेटिनने उडवते, त्याचे फोटो छापून येतात, आणि काही दिवसांनी पुन्हा नव्या बोटी पाण्यात. वाळू गेली तिथे पंधरा-वीस फुटांचे खड्डे राहिले. कालपर्यंत गुडघाभर असलेल्या पाण्यात आज पाऊल टाकले, की माणूस नाहीसा होतो. मुळा-मुठेतून पुण्याचे सांडपाणी येते, त्यावर जलपर्णी पोसते. कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्यांचे ढापे काढले, की तिथली ओढ भल्या पोहणाऱ्यालाही खेचून नेते. कालव्याचे अस्तर इतके गुळगुळीत, की आत पडलेल्याला बाहेर यायला पकडच मिळत नाही.

आणि अपघात. २०२४ च्या मे महिन्यात उजनीच्या पाण्यात कुगावहून कळाशीकडे निघालेली प्रवासी नाव वादळी वाऱ्यात उलटली. सहा जण बुडाले. पोहून काठ गाठणारा एकटा वाचला. २०१७ च्या एप्रिलअखेर याच जलाशयात सहलीला आलेल्या डॉक्टरांची नाव उलटून चौघे गेले. अशा बातमीनंतर काठावर ‘पाण्यात उतरण्यास सक्त मनाई आहे’ अशी पाटी लागते, घरोघरी आया पोरांना दम भरतात, आणि प्रश्न सुटला असे आपण मानतो.

माझे म्हणणे नेमके याच्या उलट आहे. पाटीने नदी सुरक्षित होत नाही, ती फक्त बेवारस होते. ज्या नदीत गावची पोरे रोज उतरतात, तिच्यात कोणी रात्रीत खड्डा केला तर सकाळी साऱ्या गावाला कळते. पाण्याला वास आला, मासे उलटे तरंगू लागले, तर संध्याकाळी पोरांच्या तोंडून ते घरात पोहोचते. आज नदीकाठी जातो तो फक्त मोटारीचा पाइप टाकायला जाणारा शेतकरी आणि वाळूचा ट्रक. मग नदीची तक्रार करणार कोण? आपण पोरांना नदीपासून वाचवले. नदीला मात्र वाचवणारे कोणी उरले नाही. आणि पोरे तरी कुठे वाचली? मनाई असलेल्या पाण्यात ती जातातच, चोरून, दुपारी, कोणी नसताना. पोहायला न येणारे पोर सुटीत मामाच्या गावी येते, चुलत-मामेभावांच्या मागून कालव्यावर जाते. उन्हाळ्यातल्या कितीतरी बातम्यांची सुरुवात अशीच असते.

तेव्हा मनाई नको, शिकवण हवी. बांगलादेश आपल्याहून कितीतरी जास्त पाण्याचा देश. तिथे गावच्या तळ्यातच बांबूचे मचाण बांधून, त्याच्या आत मुलांना पोहायला आणि बुडणाऱ्याला मदत करायला शिकवण्याचा उपक्रम चालतो. जागतिक आरोग्य संघटनेनेही शाळकरी मुलांना पोहणे आणि पाण्यातली सुरक्षितता शिकवावी, असे सांगितले आहे. आमच्याकडे तर बांबू आहे, तळी आहेत, आणि पाण्यावर हयात घालवलेले भोई आणि कोळी समाजातले जाणकार आहेत. उन्हाळ्याचे दोन महिने त्यांना मानधन देऊन शिक्षक नेमायला ग्रामपंचायतीला काय अवघड आहे? पाचवीतून सहावीत जाणाऱ्या प्रत्येक मुलाला, आणि हो, प्रत्येक मुलीलाही, शंभर फूट पोहता आले पाहिजे, असा ठराव एका तरी गावाने करावा. मुली आमच्या काळातही विहिरीच्या कठड्यावरच उभ्या असायच्या. ती वहिवाट आता मोडायला हवी.

बाकीच्या गोष्टी खर्चाच्याही नाहीत. प्रत्येक घाटावर आणि बंधाऱ्यावर एक लांब दोर आणि त्याला बांधलेली फुगवलेली ट्यूब टांगून ठेवावी. वाळूच्या खड्ड्यांपाशी बांबू रोवून लाल फडके बांधावे. कालव्याच्या अस्तरावर ठराविक अंतराने पकडायला साखळ्या सोडाव्यात. प्रवासी नावेत जाकिटाशिवाय कोणाला बसू देऊ नये. आणि दुपारनंतर ढग भरून वारा फिरला, की नाव सोडू नये. वळवाचा वारा कोणाची वाट पाहत नाही. जाकीट मिळेपर्यंत पोरांनी स्वतःसाठी एवढे तरी करावे: बुचे घट्ट लावलेले पाच लिटरचे दोन रिकामे कॅन छातीला पट्ट्याने बांधावेत. पाण्यात असलेल्या माणसाचे डोके वर ठेवायला चार-पाच किलोचा आधार पुरतो. खऱ्या जाकिटाची सर त्याला नाही, शुद्ध हरपलेल्या माणसाचे तोंड ते वर धरत नाही. पण काहीच नसण्यापेक्षा ते बरे. शिवाय ते स्वतः तयार केलेले असते. स्वतः बांधलेल्या गाठीवर जीव सोपवायचा असला, की पोर ती गाठ तीनदा तपासते.

त्या तपासण्यातच सारे आले. शिबिरातले साहस दुसऱ्याने बांधलेल्या दोरीवर होते. दोरीची काळजी शिबिरवाल्याची. नदीवरच्या पोराला दोरीही पाहावी लागते, वाराही पाहावा लागतो आणि पाणीही. अशी पाहणारी पन्नास पोरे दर गावात तयार झाली, तर भीमेत आणि घोडेत काय चालले आहे ते विचारायला तहसील कचेरीत वेगळा मोर्चा न्यावा लागणार नाही. पोरेच विचारतील. आणि वाळूवाल्यांना वाटत असेल तर याचेच भय वाटेल, जिलेटिनचे नव्हे.