फोटो काढा, पण शेपटी सोडा!

पावसाळा सुरू झाला की आपल्या होस्टेलवर दोन गोष्टी हमखास होतात. एक म्हणजे लाईट जाते आणि दुसरी म्हणजे मेसच्या मागे साप निघतो. "साप निघाला रे!" अशी बोंब झाली की दोन्ही मजले रिकामे! पूर्वी पोरांच्या हातात काठ्या असायच्या, आता मोबाईल असतात. ही प्रगतीच म्हणायची. पण मागच्या पावसाळ्यातला प्रसंग आठवला की मला अजून घाम फुटतो.

जाडजूड, अंगावर साखळीसारखे ठिपके असलेला साप भिंतीला लागून पडला होता. "अजगराचं पिल्लू आहे, काही करत नाही," असं कोणीतरी छातीठोकपणे सांगितलं. मी कॅमेरा घेऊन दोन फुटांवर बसलो. सापानं तोंड वळवावं म्हणून एका मित्रानं त्याला काडीनं डिवचलं. कुकरच्या शिट्टीसारखा आवाज आला आणि मेसचे काका ओरडले, "अबे पोट्टेहो, मांगं सरका! परड हाये ते!"

परड म्हणजे घोणस. नाग, मण्यार, फुरसे आणि घोणस या चार प्रमुख विषारी सापांपैकी एक. एका अभ्यासानुसार २००० ते २०१९ या काळात भारतात सर्पदंशाने सुमारे १२ लाख माणसं दगावली. त्या आकड्यात माझी भर पडली नाही, ती काकांची कृपा!

आमचे एक सीनियर याच होस्टेलवर धामणीला शेपटीनं उचलून फोटो काढायचे. आता ते अमेरिकेत असतात. फ्लोरिडातल्या एव्हरग्लेड्समधून त्यांनी मगरीचे फोटो पाठवले. मी विचारलं, "एवढ्या लांबून?" तर म्हणाले, "इथं १५ फूट दूर राहावं लागतं रे." गॅलापागोस बेटांवरही इग्वानापासून २ मीटर लांब थांबावं लागतं, फ्लॅश मारता येत नाही. म्हणजे नियम आपल्याला कळतात, फक्त विमानात बसल्यावर कळतात!

आपल्याकडेही १९७२ पासून वन्यजीव संरक्षण कायदा आहेच. नाग, धामण किंवा घोरपड धरणं हा गुन्हा आहे. पण कायद्याचं सोडा. डिवचलेल्या सापाचा फोटो हा सापाचा नसतोच, तो त्याच्या भीतीचा असतो. आपण तिथे आहोत हे प्राण्याच्या गावीही नाही, तो फोटो खरा.

आणि बघायला परदेशातच जायला हवं असंही नाही. कारंजा-सोहोळच्या माळरानावर काळवीट बघायला जाता, तेव्हा जरा पायाखालीही बघा. साताऱ्याच्या चाळकेवाडी पठारावर उन्हाळ्यात गळ्याचा निळा-काळा-नारिंगी पंखा फुलवणारा सरडा दिसतो. २०१६ मध्ये शास्त्रज्ञांनी त्याच्या प्रजातीला (जीनसला) नावच दिलं 'सरडा'! आपला मराठी शब्द जगाच्या शास्त्रात गेला. त्याचा फोटो काढायचा तर उन्हात पोटावर पडून वाट बघावी लागते. काडी तिथे कामाची नाही.

तेव्हा यंदा साप निघाला की एवढंच करा. १५ फूट मागे सरका, रेक्टर सरांना सांगा, सर्पमित्राला बोलवा आणि झूम वापरा. झूमचे पैसे तर आपण मोबाईल घेतानाच भरलेत ना?