राणीचा फोटो

मागच्या वीकेंडला चिखलदऱ्याला गेलो होतो. गाविलगडावर गाईडने १८०३ ची लढाई दोन वाक्यांत गुंडाळली आणि किल्लेदार बेनीसिंहाच्या घरच्या बायकांच्या मरणाची गोष्ट मात्र पंधरा मिनिटं रंगवली. आमच्यातल्या एकीने विचारलं, "मरण्याआधी त्या काय करायच्या?" गाईड गप्प. आम्हीपण.

म्हणजे राणी एकतर जोहारात हवी, नाहीतर फोटोत! गायत्रीदेवींचं नाव काढा, लोक शिफॉन आणि मोत्यांवर बोलतात. १९६२ मध्ये त्या लोकसभेवर निवडून आल्या, ते राहिलंच. आणि त्यांची आजी? बडोद्याच्या महाराणी चिमणाबाई. सयाजीरावांवरच्या भाषणांत त्या 'सुविद्य पत्नी' म्हणून एका ओळीत येतात. अहो, बाईंनी १९११ साली स्त्रियांच्या स्थितीवर इंग्रजीत पुस्तक लिहिलं (सहलेखक एस. एम. मित्रा), पडदा सोडला, १९२७ ला पुण्यात अखिल भारतीय महिला परिषदेच्या पहिल्या अध्यक्ष झाल्या. ती मुलींच्या शिक्षणासाठी भरलेली परिषद होती, हळदीकुंकू नव्हे.

लगेच देव्हाऱ्यात बसवू नका. लेकीने, इंदिराराजेंनी, शिंद्यांशी ठरलेलं लग्न मोडून १९१३ मध्ये कूचबिहारच्या राजपुत्राशी लग्न केलं, तेव्हा याच बाई विरोधात होत्या. मला तर त्या त्यामुळेच खऱ्या वाटतात. फोटोतल्या बाईला मतं नसतात आणि चुकाही नसतात.

असो. परतवाडा यायच्या आत ग्रुपवर गडावरचे फोटो पडले. प्रश्न विचारणारीच्या फोटोखाली पहिलंच वाक्य: "राणी दिसतेस गं!" त्यावरचं भांडण अमरावतीपर्यंत पुरलं.