कन्सल्टिंगची नोकरी आणि अठरा महिन्यांचा हिशेब

ब्रिटनमध्ये शिकायला येणाऱ्या मुलांनी 1 जानेवारी 2027 ही तारीख लक्षात ठेवायला हवी. त्या दिवसापासून ग्रॅज्युएट व्हिसासाठी अर्ज करणाऱ्यांना दोन वर्षांऐवजी अठराच महिने मिळतील. पीएचडीवाल्यांची तीन वर्षं मात्र कायम आहेत. म्हणजे सप्टेंबर 2026 मध्ये एक वर्षाच्या मास्टर्सला येणारी मुलं नव्या नियमात सापडणार. 'सहा महिन्यांनी असं काय बिघडतं?' असं मला पुण्या-नाशिकहून फोनवर विचारतात. कन्सल्टिंगची नोकरी डोळ्यांसमोर असेल, तर बरंच बिघडतं.

इथल्या मोठ्या कन्सल्टिंग कंपन्या पदवीधरांची भरती ठरल्या मोसमात करतात. पुढच्या सप्टेंबरच्या नोकऱ्यांचे अर्ज आदल्या ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये उघडतात आणि जागा भरल्या की अनेक ठिकाणी मुदतीआधीच बंद होतात. आपला विद्यार्थी सप्टेंबरअखेर उतरतो, खोली शोधतो, बँकेत खातं उघडतो, तोवर इतरांचे अर्ज पोचलेले असतात. पुढे ऑनलाइन चाचणी, रेकॉर्ड केलेली मुलाखत, असेसमेंट सेंटर आणि शेवटी केस इंटरव्ह्यू. 'एका सुपरमार्केटचा नफा घटतोय, कारण शोधा' असा प्रश्न देतात आणि तुम्ही विचार कसा करता ते बघतात. तिथे पाठांतर चालत नाही.

पहिला मोसम हुकला तर दुसरा पदवीनंतरच. आता हिशेब करा. ग्रॅज्युएट व्हिसा डिसेंबर 2027 मध्ये सुरू झाला, तर जून 2029 मध्ये संपेल. नोकरी सुरू होणार सप्टेंबर 2028 मध्ये. म्हणजे कंपनीच्या हातात उरले जेमतेम नऊ महिने. जुन्या नियमात पंधरा उरले असते. ट्रेनिंग चालू असतानाच तिला स्किल्ड वर्कर व्हिसासाठी स्पॉन्सरशिप द्यावी लागणार.

इथे पगाराचा मुद्दा येतो. या व्हिसाची किमान पगाराची सर्वसाधारण अट एप्रिल 2024 मध्ये 26,200 पौंडांवरून 38,700 वर गेली आणि जुलै 2025 मध्ये 41,700 वर. नुकत्याच शिकून बाहेर पडलेल्यांना सवलत आहे: 33,400 पौंड किंवा त्या पेशासाठी ठरलेल्या दराच्या 70 टक्के, यांतलं जे जास्त असेल ते. पण ही सवलत एकूण चारच वर्षांची, आणि ग्रॅज्युएट व्हिसावर काढलेला काळही त्यातच धरतात. हे कलम बऱ्याच जणांच्या नजरेतून सुटतं. 2024 मध्ये अट वाढली, तेव्हा काही मोठ्या कंपन्यांनी परदेशी मुलांना दिलेल्या ऑफर्स मागे घेतल्याच्या बातम्या इथल्या पेपरांत आल्या होत्या.

त्यात धंदाही थंडावलाय. ब्रिटिश सरकार हे या कंपन्यांचं मोठं गिऱ्हाईक. नोव्हेंबर 2024 मध्ये सरकारने कन्सल्टन्सीच्या खर्चाला लगाम घातला. दोन वर्षांत 1.2 अब्ज पौंड वाचवायचं उद्दिष्ट ठेवलं. माहिती गोळा करणं, स्लाइड्स बनवणं ही नवशिक्यांची कामंही आता एआयकडे जाऊ लागली आहेत.

म्हणून मुलांनी येऊच नये का? तसं मी म्हणणार नाही. पण एजंट 'दोन वर्षं वर्क परमिट' म्हणून विकतो, त्यावर घर गहाण ठेवू नये. अर्ज आणि केसचा सराव विमानात बसण्याआधी, ऑगस्टमध्येच सुरू करावा. स्पॉन्सर लायसन्स असलेल्या कंपन्यांची यादी होम ऑफिसच्या वेबसाइटवर आहे. पण यादीत नाव आहे म्हणून कंपनी नवख्या पदवीधराला स्पॉन्सर करेलच असं नाही. 'या जागेसाठी, या शहरात स्पॉन्सरशिप देता का?' असं भरतीवाल्यांना सरळ लिहून विचारावं. लंडनबाहेर पगार कमी असतो, तिथे हा प्रश्न जास्तच महत्त्वाचा.

आणि घरच्यांना एक सांगणं. कर्जाचा हप्ता भारतातल्या पगारात भागेल का, हे आधी कागदावर मांडा. पुण्यात झेडएससारख्या कन्सल्टिंग कंपनीचं मोठं ऑफिस आहे. परत येऊन तिथे काम करणं म्हणजे हरून येणं नव्हे. कर्ज झेपणारं असेल, तर मुलगा किंवा मुलगी इथे मन लावून प्रयत्न करेल. नाहीतर अठरा महिने मिळेल ती नोकरी धरून हप्ते फेडण्यातच जातील.