काशाची वाटी आणि आपली उदासीनता

‘रिफ्लेक्सॉलॉजी’ आणि ‘थाई फूट मसाज’ हे शब्द आता जळगाव-धुळ्याच्या मध्यमवर्गालाही अपरिचित राहिलेले नाहीत. दोन्हींत पायच चोळले जातात. पण दोहोंची कुळकथा मात्र भिन्न आहे.

रिफ्लेक्सॉलॉजीचे वय जेमतेम शंभर वर्षे. अमेरिकेतील डॉ. विल्यम फिट्झगेराल्ड यांनी १९१७ साली शरीराचे दहा उभे पट्टे कल्पिले; पुढे युनिस इंगहॅम यांनी अवयवांचा नकाशा तळपायावर मांडला. अमुक बिंदू दाबला की अमुक अवयवाचा रोग हटतो, या दाव्याला भक्कम पुरावा आजवर मिळालेला नाही.

थाई मर्दनाची परंपरा जुनी आहे. तेथील मर्दनकार आद्यगुरू म्हणून वंदन करतात ते मगधातील बुद्धकालीन वैद्य जीवकाला! त्यांच्या ‘सेन’ वाहिन्यांतील इत्था आणि पिंगखला म्हणजे आपल्या इडा आणि पिंगलाच. आजच्या थाई पादमर्दनात रिफ्लेक्सॉलॉजीचे नकाशेही मिसळले आहेत, हे खरे. तथापि थायलंडने आपला वारसा जपला. एकोणिसाव्या शतकात तिसऱ्या राम राजाने बँकॉकच्या वाट फो मंदिरात तो शिळांवर कोरविला. आज तेथेच त्याचे रीतसर शिक्षण मिळते. २०१९ मध्ये युनेस्कोने ‘नुआद थाई’ला अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत स्थान दिले.

आणि आपण? नित्य अभ्यंग करावा, तोही विशेषतः मस्तक, कान व पाय यांना, असे वाग्भटाने सांगून ठेवले आहे. खानदेशात पारा पंचेचाळीसपुढे जातो, तळपायांची आग होते, तेव्हा तूप वा एरंडेल लावून काशाची वाटी फिरविणारी आजी हीच आपली पाठशाळा. ती गेली की पाठशाळा बंद! उरतात ती शहरोशहरी आलेली, विजेवर फिरणारी काशाची यंत्रे आणि त्यांचे अवास्तव दावे.

येथे अभिमानाला विवेकाची जोड हवी. वाटीखाली येणारा काळा थर म्हणजे शरीरातून निघालेली ‘उष्णता’ किंवा ‘विष’ नव्हे. तेल, घाम आणि तांबे-कथिलाच्या मिश्रधातूची ती प्रक्रिया आहे. पायांना विसावा मिळतो, शांत झोप लागते, हा लाभ काही थोडा नाही. पण मधुमेहाने तळपाय बधिर झालेल्यांनी वैद्यकीय सल्ल्याविना मर्दन करू नये. परकीय दाव्यांना लावतो तीच कसोटी स्वकीय दाव्यांनाही लावली पाहिजे.

इतिहासाचार्य राजवाड्यांनी माळ्यांवरची दप्तरे धुंडाळून इतिहास वाचविला. त्यांच्या नावाचे संशोधन मंडळ १९२७ पासून धुळ्यातच आहे. त्याच चिकाटीने आयुर्वेद महाविद्यालयांच्या विद्यार्थ्यांनी गावोगावी जाऊन वाटी, तेल, पद्धत आणि अनुभव यांची नोंद करावी व त्यांची शास्त्रीय पारख करावी. थायलंडने जपलेल्या परंपरेत आपले ऋण दिसते म्हणून सुखावणे सोपे आहे. आपल्या घरातील वाटी जपणे, हे खरे कर्तव्य!