प्रशिक्षणाला गोष्ट हवी, पण कामातली

शिक्षकाच्या नोकरीत प्रशिक्षणांना तोटा नाही. अभ्यासक्रम बदलला की प्रशिक्षण, मूल्यमापनाची पद्धत बदलली की प्रशिक्षण. ‘निष्ठा’ झाले, ‘निपुण’ झाले. निवडणुकीचे काम तर आमच्या पाचवीलाच पुजलेले आहे, त्यामुळे त्याचेही प्रशिक्षण आले. यातल्या बहुतेकांची तऱ्हा एकच. पडद्यावर स्लाइड येते, मार्गदर्शक ती वाचून दाखवतात आणि समोरचे लोक तिचा मोबाइलवर फोटो काढतात. फोटो निघाला म्हणजे शिकून झाले, अशी आपली समजूत.

गंमत अशी की बी.एड.ला आम्हाला कथाकथन पद्धती शिकवतात. मुलाला नियम आधी सांगू नका, आधी प्रसंग सांगा, मग नियम त्याच्याच तोंडून येऊ द्या, असे सांगतात. पाठ टाचणात तशी रचना नसेल तर गुण कापतात. हीच माणसे पुढे शिक्षक होऊन प्रशिक्षणाला बसली की त्यांना मात्र दोन-तीन तास नुसती कलमे ऐकवली जातात. जणू मोठ्या माणसाचे मन वेगळ्या मातीचे असते!

अलीकडे काही मार्गदर्शकांच्या हे लक्षात आले आहे. म्हणून ते मध्येच एक गोष्ट सांगतात. बहुतेक वेळा ती गरुडाची असते. चाळिशी गाठली की गरुड डोंगरावर जातो, खडकावर आपटून जुनी चोच तोडतो, नखे उपटतो, पाच महिने थांबतो आणि नव्या चोचीने आणखी तीस वर्षे जगतो. ही गोष्ट साफ खोटी आहे. चोच तुटलेला गरुड पाच महिने खाणार काय? सभागृहात विज्ञानाचे शिक्षकही बसलेले असतात, टाळ्या तेही वाजवतात. टाळ्या संपल्या की पुन्हा स्लाइड सुरू. गोष्ट झाली, पण कामाचे काही कळले नाही.

माझे म्हणणे एवढेच आहे की प्रशिक्षणातली गोष्ट त्या कामाच्या पोटातून आलेली हवी. तिच्यात एक माणूस हवा, त्याच्यापुढे एक अडचण हवी आणि त्याने काय केले म्हणजे काय झाले, हे दिसले पाहिजे. जेवणातल्या लोणच्यासारखी बाजूला वाढलेली गोष्ट उपयोगाची नाही.

निवडणुकीचेच उदाहरण घेऊ. मतदान सुरू होण्याआधी उमेदवारांच्या प्रतिनिधींसमोर अभिरूप मतदान घ्यायचे असते, किमान 50 मतांचे. ते झाले की कंट्रोल युनिटवर आधी क्लोज, मग रिझल्ट, मग क्लिअर अशी बटणे दाबायची. व्हीव्हीपॅटमधल्या चिठ्ठ्या काढून, शिक्का मारून काळ्या पाकिटात सील करायच्या. स्लाइडवर या चार ओळी असतात आणि त्या चाळीस ओळींच्या गर्दीत हरवून जातात.

आता हेच असे सांगून पाहा. समजा, एक केंद्राध्यक्ष पहाटे चारला उठले आहेत. एक प्रतिनिधी उशिरा आला, दुसरा घाई करतो आहे, बाहेर रांग लागली आहे. निकाल दाखवून झाला, सगळ्यांनी माना डोलावल्या आणि त्या गडबडीत क्लिअर दाबायचे राहून गेले. दिवसभर मतदान सुरळीत झाले. मोजणीच्या दिवशी मात्र 17-सी फॉर्मवरचा आकडा आणि मशीनमधला आकडा जुळेना. मशीन बाजूला ठेवावे लागले. शेकडो लोक उन्हात उभे राहिले होते, त्यांची मते एका बटणापायी वादात सापडली. हे ऐकलेला माणूस क्लिअर बटण विसरणार नाही. त्याला फोटो काढायचीही गरज नाही.

दुसरा प्रसंग आपल्या वस्त्यांना जवळचा आहे. समजा, बुरख्यातली एक म्हातारी बाई केंद्रावर आली. एका प्रतिनिधीने तिच्या ओळखीवर आक्षेप घेतला. मागे कुजबुज सुरू झाली. आता खोलीतल्या अधिकाऱ्याने काय करायचे? नियम स्पष्ट आहेत. आक्षेप घेणाऱ्याला दोन रुपये भरावे लागतात, केंद्राध्यक्ष चौकशी करतात. पडदानशीन महिलेची ओळख महिला कर्मचाऱ्याने, आडोशाला, तिचा मान राखून पटवायची असते. आणि आधीच कोणी तिच्या नावावर मत देऊन गेले असेल, तरी ओळख पटल्यावर तिला प्रदत्त मतपत्रिका मिळते. तिला तसेच परत पाठवता येत नाही.

ही माहिती ‘विशेष बाबी’ या मथळ्याखाली अर्ध्या मिनिटात उरकली जाते. पण ज्या अधिकाऱ्याने ती कधी माणसाच्या रूपात ऐकलेली नाही, तो त्या क्षणी गोंधळतो. गोंधळलेला माणूस सर्वांत सोपा मार्ग धरतो, “आजी, तुम्ही जरा बाजूला थांबा.” आजी थोडा वेळ थांबते आणि घरी निघून जाते. एका नागरिकाचा हक्क असा कुणाच्याही दुष्टपणाशिवाय बुडतो.

गोष्टीतून कामाचे शिक्षण देणे हे काही नवे खूळ नाही. पंचतंत्र राजपुत्रांना राज्यकारभार शिकवण्यासाठी रचले, असे ते स्वतःच सांगते. तेच पहलवीतून अरबीत ‘कलीला व दिम्ना’ होऊन गेले. कलकत्त्यात 1800 साली फोर्ट विल्यम कॉलेज निघाले, ते कंपनीच्या तरुण इंग्रज अधिकाऱ्यांना इथल्या भाषा शिकवण्यासाठी. तिथे मीर अम्मन यांच्याकडून पाठ्यपुस्तक म्हणून ‘बाग-ओ-बहार’ लिहून घेतले गेले, म्हणजे चार दरवेशांची गोष्ट. नोकरीच्या प्रशिक्षणासाठी लिहिलेले ते पुस्तक आज उर्दू गद्याचा मानदंड समजले जाते.

यावर दोन आक्षेप येतील. पहिला वेळेचा. शेकडो लोक, दोन-तीन तास, गोष्टी कधी सांगायच्या? वर दिलेल्या दोन्ही प्रसंगांना मिळून पाच मिनिटे पुरतात. दुसरा आक्षेप वजनदार आहे. गोष्टीत नियम पातळ होतो, ऐकीव किस्से खरे मानले जातात. म्हणून गोष्टीमागोमाग नियम नेमक्या शब्दांत सांगावा आणि नंतर मशीन प्रत्येकाच्या हातात द्यावे. गोष्ट, नियम, सराव हा क्रम पाळला तर कशाचेच नुकसान होत नाही.

खरी अडचण वेगळीच आहे. या गोष्टी सांगणार कोण? प्रत्येक प्रशिक्षणात मागच्या रांगेत दहा-दहा निवडणुका केलेली माणसे बसलेली असतात. चहाच्या वेळी ती एकमेकांना सगळे सांगतात, माइकवर मात्र गप्प असतात, कारण चूक उघड झाली की कारणे दाखवा नोटीस येईल ही भीती. तेव्हा आयोजकांनी एवढेच करावे. अनुभवी कर्मचाऱ्यांकडून नाव, गाव, केंद्र न लिहिता प्रसंग मागवावेत, नियमांशी ताडून घ्यावेत आणि पुढच्या प्रशिक्षणाची सुरुवात त्यातल्या दोन-तीन प्रसंगांनी करावी. खर्च काहीच नाही. तोवर गरुडाला त्याच्या डोंगरावर सुखाने राहू द्यावे.