हद्दीचा नकाशा फलकावर लावा
ऐन पाडव्याच्या दिवशी, ३० मार्च २०२५ला, हैदराबाद विद्यापीठाला लागून असलेल्या कांचा गच्चीबोवलीच्या ४०० एकरांत झाडं तोडायला जेसीबी शिरले आणि अडवायला धावलेल्या मुलांना पोलिसांनी ताब्यात घेतलं. दुसऱ्या दिवशी राज्याच्या औद्योगिक महामंडळानं सांगितलं, जुलै २०२४मध्ये विद्यापीठाच्या अधिकाऱ्यांसमोर मोजणी होऊन हद्द ठरली. कुलसचिवांनी लगेच कळवलं, अशी मोजणी झालीच नाही. सर्वोच्च न्यायालयानं ३ एप्रिलला झाडतोड थांबवली, फार मोठं काम झालं. पण मला त्या दोन निवेदनांमधली तफावत अजून छळते. मोजणी झाली असेल तर नकाशा असणार, त्याखाली सह्या असणार. हे कागद विद्यार्थ्यांना रस्त्यावर उतरण्याआधीच दिसायला नकोत का? माहिती अधिकार कायद्याचं कलम ४ तर २००५पासून हेच सांगतंय, की सार्वजनिक संस्थेनं आपल्या कामकाजाची माहिती कुणी मागण्याआधी स्वतःहून मांडावी. नाहीतर मुलानं दहा रुपयांची पोस्टल ऑर्डर जोडून तीस दिवस वाट बघायची, आणि तेवढ्यात जंगल आडवं झालेलं असतं. विद्यापीठाच्या कार्यकारी परिषदेचं इतिवृत्त आणि हद्दीचा नकाशा ग्रंथालयाच्या दारातल्या फलकावर लावा. मुलं तिथं रोज येतातच.